हातावरचं गोंदन कोनी पाह्यलं नाई

मंगळवार, संध्याकाळ

दोन रातीपासून डोळा लागला नाई. मी झोपली का सासू लेकराले उचलून नंदेच्या घरी नेईन, याचंच भेव लागते.

नवऱ्याच्या मोबाईलवर कोनंतरी व्हिडिओ पाठवला. बाई उघडी, आन तोंड माहं. बारशाचा फोटो मीच स्टेटसले ठेवला होता, त्याच्यातलंच तोंड. पन त्या बाईचा हात कोरा हाय. माह्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदन हाय, आईनं जत्रेत काढून देल्लेलं. लग्न झाल्यावर नवऱ्यानंच हसून इचारलं होतं, "हे पोस्टर कोनं चिपकवलं?" आता म्हटलं, "हात पाहा ना त्या बाईचा." त्यानं मान फिरवली. "तोंड पाह्यलं, तेवढं पुरे."

काल पोलीस ठान्यात गेली. जमादार म्हने, "हे एआयनं बनवलं हाय बाई. मशीनले काय बेड्या घालू? मानसाचं नाव घेऊन ये." आन हसला. मशीनच्या मनात आलं होतं काय? कोनंतरी सांगितलंच असंन ना तिले? त्याले शोधाचं कामही माहंच काय? त्याले कोनी इचारत नाई, आन माह्यावर निकाल देऊन मोकळे. गोंदन पाहाले कोनी तयार नाई.

सासू म्हने, "उद्या चार लोकायसमोर फैसला. तू जाय, पोरगं आमचं." अजून अंगावर पेते ते.

मोबाईल काढून घेतला माहा. खिडकीतून रस्त्यावर फेकलेली ही वही ज्याले सापडन त्यानं दिग्रसले माह्या भावाले फोन लावा, नंबर पहिल्या पानावर हाय. म्हना, बुधवारी लोकं फैसल्याले बसाच्या आधी ये.