भुलाबाईच्या गाण्यातली पाटी

प्रिय माय,

तुला वाचता येत नव्हतं, हे मी विसरलेले नाही. तरी लिहितेय, कारण काल संध्याकाळी तुझं कडवं माझ्या दारात आलं.

रिठदच्या शाळेत शिकवायला लागून मला चौथा महिना आहे. कोजागरीच्या कार्यक्रमात पोरींकडून भुलाबाईचं गाणं बसवून घ्यायचंय. हेडमास्तरांनी बजावलंय, "ग्रामोफोनच्या तबकडीवर आहे तसंच. शुद्ध."

काल त्याच पोरी घरोघर गाणी म्हणत माझ्याकडे आल्या. सासरी निघालेली लेक आईला एकेक वस्तू मागते, ते आपलं गाणं सुरू झालं. चोळी झाली, बांगड्या झाल्या, आणि मग:

दे वं माये, दे वं माये, काळी काळी पाटी,
एक अक्षर गिरवीन म्या चुलीच्या पाठी.

खिरापतीचा डबा माझ्या हातात तसाच राहिला. हे कडवं तू रचलेलं, किन्हीराजाच्या आपल्या अंगणात. मी शाळेत जायला लागले त्या वर्षी!

आणि मी काय केलं? कॉलेजच्या सुट्टीत वाशीमच्या एका हॉटेलात तीच तबकडी ऐकली आणि घरी येऊन तुला म्हणाले, "खऱ्या गाण्यात पाटी नाहीच. तू मनाचं घुसडलंस."

तू भाकर थापत होतीस. मान वर न करता बोललीस, "लग्नात मले कोनं काय इचारलं? गान्यात तरी मागू दे ना वं."

त्यानंतर ते गाणं तू माझ्यासमोर कधी म्हटलं नाहीस. तेव्हाच भांडली का नाहीस माझ्याशी? माझा बी.ए.चा निकाल लागला तेव्हा तू या जगात नव्हतीस.

"हे कोणी शिकवलं गं?" मी पोरींना विचारलं.

"मामीनं. ते किन्हीराजाची हाये," गोदी म्हणाली. "पन पाटीपाशीच गानं थांबत होतं, म्हून फुडचं आमी जोडलं. म्हनू?"

दे वं माये, दे वं माये, दौत आनि टाक,
सासरातून मारीन तुले कागदावर हाक.

मी डबा तिच्या हातात दिला.

"बाई, खिरापत वळखू तर द्या आधी," धाकटी कुरकुरली.

तबकडीवर गाणाऱ्या बाईंचा आवाज फार गोड आहे, माय. पण त्यांचं गाणं दर वेळी ठरल्या जागीच संपतं. तुझं मात्र किन्हीराजाच्या एका नवरीच्या तोंडून गावं ओलांडून आलं आणि इथं येऊन वाढलं. कसं झालं हे? मी पदवी घेऊन खरं गाणं शोधत बसले होते, आणि तू ते भाकरी थापता थापता करत होतीस.

उद्या हेडमास्तरांकडे जाणार आहे. ते रागावतील, कदाचित कार्यक्रमही दुसऱ्या कोणाकडे देतील. पण मी बसवीन त्या गाण्यात पोरी तुझी पाटी मागतील आणि त्यांची दौतही, हा शब्द देते. नाहीतर माझ्या अंगणात म्हणवून घेईन.

तोवर ही माझी हाक, कागदावरची.

तुझी,
सुमी