मधला तक्ता

लाखांदूर,
सोमवार

प्रिय ज्योत्सना,

जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये बसून तू म्हणशील, फोनच्या जमान्यात डिंपलला पत्राचं खूळ कुठून सुचलं. फोनवर मी शेपूट घातलं असतं, खरंच सांगते. चार दिवस झाले, दारात कुणी खाकरलं तरी वाटतं, गावाला कळलं माझं.

आपल्या मच्छीमार सोसायटीचं ॲप मी बनवलं, हे तुला ठाऊक आहेच. तुझे बाबा सचिव, म्हणून केवळकाकांचीच जुनी वही पुढ्यात घेऊन, कुठल्या घराची जाळी कुठल्या तलावात, या नोंदी भरल्या. त्यांनी दर तलावाला एक पान दिलेलं आणि एकेक नाव चार-चार पानांवर. मी हसले त्यांना. म्हटलं, काका, एक नाव एकदाच पुरे. ते बिचारे म्हणाले, "तूच शिकलेली हायेस, बाई." मग मी शहाणीनं प्रत्येक घरापुढे तलावासाठी एकच रकाना ठेवला. दुसरा तलाव नोंदवला की पहिला पुसला जायचा आणि मला पत्ताच नाही. अगं, एका तलावात अनेक घरांची जाळी, एका घराचे अनेक तलाव. घरांची यादी आणि तलावांची यादी, दोन्हींच्या मध्ये तिसरा तक्ता हवा, त्यात प्रत्येक जोडीची वेगळी ओळ. काकांच्या वहीत तेच तर होतं!

माझ्या त्या चुकलेल्या यादीवरून मासेमारीचे पास वाटले गेले. गुरुवारी सखाबाईला, यादीत नाव नाही म्हणून, गावतलावाच्या बांधावरून परत पाठवलं. खांद्यावर जाळं घेऊन ती आमच्याच अंगणात आली. "काहून कापलं माहं नाव केवळरामनं? माह्या सासऱ्याची जिंदगी याच पाण्यात गेली." मी तिला पाणी दिलं. तोंड मात्र उघडलं नाही.

आता मधला तक्ता बसवलाय, वहीवरून सगळ्या ओळी पुन्हा भरल्यात. पण गावात एकच बोलणं आहे, केवळरामनं नातलगांसाठी लोकांची नावं उडवली. काका मला एका शब्दानं बोलले नाहीत. "मशीन चुकली असन," एवढंच म्हणतात. त्यांच्या या सांभाळून घेण्याचीच मला जास्त भीती वाटते.

येत्या रविवारी अकराला सभा आहे. त्यात तुझ्या बाबांना सचिवपदावरून काढणार आहेत. मी उभी राहून सांगेन म्हणते, पण माझा मलाच भरवसा नाही. सखाबाईपुढे गप्प राहिलेच ना? म्हणून हे पत्र. तू ये, पुढे बस. माझी जीभ लुळी पडली, तर हे सगळं मोठ्यानं वाच, सखाबाईला ऐकू जाईल असं.

तुझीच, अजून म्हणशील तर,
डिंपल