छताचे बारा चौकोन

३ मे
मोटरहोम घेतलं. सेकंड-हँड, पण विचारपूर्वक. आधीच्या मालकाने किल्ल्या जरा जास्तच आनंदाने दिल्या. आत पलंग, शेगडी, बाथरूम. शिवाय सरकती खोली. बटण दाबलं की बसायच्या जागेची अख्खी भिंत कपाटाच्या खणासारखी बाहेर सरकते. निघताना आत घ्यायची. बायकोने तीनदा बाहेर काढून तीनदा आत घेतली. खूश आहे असं मी धरतो.

बेत: १६ला निघायचं, १८ला मुलीच्या दारात. नात तीन महिन्यांची झाली, मी अजून फोनवरच पाहिली आहे. मुलगी २०ला परत कामावर जाते. त्याआधी पोहोचायचंच. तिच्या घरात दोनच खोल्या. आपण आपलं घर घेऊनच गेलो की कोणाला अडचण नाही.

४ मे
गॅरेजवाल्याने वरून पाइपने पाणी सोडून दाखवलं. पलंगावर थेंब. बायकोच्या बाजूला. म्हणाला, सांध्यांमधलं सीलंट गेलंय, छत धुऊन, सांधे भरून, वर कोटिंग द्यावं लागेल, दोन दिवसांत करून देतो. मी म्हणालो, मीच करीन. त्याने विचारलं, वर चढायची सवय आहे का. मी सांगितलं, एकतीस वर्षं विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासलेत, शिडीवरून पडलेल्यांच्या फाइली माझ्याइतक्या कोणी वाचल्या नसतील. तो म्हणाला, काका, फाइल पडत नाही.

अशी माणसं आयुष्यात पुढे जात नाहीत.

बायकोचं म्हणणं, अहो, सरळ ट्रेनने जाऊ, बारा तासांचा तर प्रवास. मी म्हणालो, बघू. म्हणजे नाही.

६ मे
माहितीपुस्तक वाचलं. छत रबराचं आहे. मऊ ब्रश, साबणाचं पाणी. थिनर, पेट्रोल लावायचं नाही. ओल्या छतावर उभं राहायचं नाही, फळी टाकून गुडघ्यांवर सरकायचं. खाली कोणीतरी हवं. सरकती खोली आत घेण्याआधी तिचा टप झाडून रिकामा करायचा. सगळं पटलं. काम लांबच्या टोकाला सुरू करून शिडीकडे यावं, असंही लिहिलंय. हे बहुधा डावखुऱ्यांसाठी असावं.

‘छत सुरक्षा तक्ता’ तयार केला. छताचे बारा चौकोन. शिडी गाडीच्या मागे पक्की बसवलेली आहे, तिथून क्रमांक दिले. एकापासून बारापर्यंत. मोजणी एकापासूनच सुरू होते, हे पुस्तक लिहिणाऱ्याला कोणीतरी सांगायला हवं होतं. खाली साक्षीदाराची सही. बायकोने केली, आणि पुढे ‘दबावाखाली’ असं लिहिलं.

८ मे
आज धुणार होतो. ऊन. तापलेल्या छतावर काम करू नये असं पुस्तकात आहे. म्हणजे केलं नाही हेच बरोबर केलं.

९ मे
वारा.

१० मे
ऊन नाही, वारा नाही. गुडघा.

११ मे
धुतलं! लांब दांड्याचा ब्रश फार उपयोगी. शेजारच्या निवृत्त नर्सबाई खिडकीतून ओरडल्या, भाऊ, पडायचं असेल तर एकच्या आत पडा, नंतर माझी झोपायची वेळ असते. मी ब्रश चालू ठेवला. उंचीवर असताना बोलू नये.

१२ मे
सीलंट भरलं. एक नळी सांध्यांमध्ये, अर्धी केसांमध्ये. नर्सबाईंनी कात्रीने सोडवलं. म्हणाल्या, डाव्या बाजूला आता महिनाभर न्हावी नको.

१३ मे
सकाळी ८
कोटिंग. पांढरं, दाट. चौकोन एक झाला. हात चांगला बसलाय. बायको खाली खुर्ची टाकून बसली आहे. टोपी विणते आहे, नातीसाठी. लक्ष छतावर हवं, असं मी दोनदा सांगितलं.

११.४०
चौकोन बारा पूर्ण, माझ्या पायाखालचा कोपरा सोडून. शिडी चौकोन एकच्या पलीकडे आहे. मधलं सगळं ओलं. हा गाडीच्या रचनेतला दोष आहे.

१२.०५
डब्यावर लिहिलंय, सुकायला चार तास. बायकोला सांगितलं. तिने टाके मोजणं संपवलं आणि मग वर बघितलं. म्हणाली, अहो, उडी नका मारू, मी फोन करते. उडी मारायचं माझ्या मनातही नव्हतं. जमीन पाहून झाली होती.

१२.५०
जागा कमी पडते. ब्रश खालच्या अंगाला, सरकत्या खोलीच्या टपावर ठेवला. छान मावला.

१.१०
वेळ वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही. तक्ता पूर्ण केला. ‘बादली उतरवली’, ‘ब्रश उतरवला’, ‘सरकत्या खोलीचा टप झाडून रिकामा केला’. तिन्हींपुढे बरोबरच्या खुणा. नंतर करायचंच आहे. ऑफिसातही मी आधी खुणा करून ठेवायचो, महिनाअखेरीची धावपळ टळते.

२.२०
गॅरेजवाला मोठी शिडी घेऊन आला. मला बादलीसकट उतरवलं. नर्सबाई झोपल्या नव्हत्या. फोटो काढत होत्या.

१४ मे
पाइपने पाणी सोडलं. अर्धा तास. आत एक थेंब नाही! गॅरेजवालासुद्धा म्हणाला, काम चांगलं झालंय, काका. हे वाक्य मी त्याला दोनदा म्हणायला लावलं. मुलीला फोन करून सांगितलं, १८ला येतोय. तिने विचारलं, बाबा, नक्की ना? मी म्हणालो, तक्त्यासकट.

१६ मे
सकाळी ७
सामान भरलं. बायको पुढच्या सीटवर, मांडीवर पिवळी टोपी. मी बटण दाबलं. खोली निम्मी आत आली, मग कडकड आवाज, मग घरघर, मग काहीच नाही. पुन्हा दाबलं. वास आला.

बाहेर जाऊन पाहिलं. ब्रशचा दांडा टप आणि भिंतीच्या मध्ये आडवा बसलाय. रबरी पट्टी फाटली, खोली एका अंगाला कलली. तक्ता तपासला. ब्रश उतरवल्याची खूण स्पष्ट आहे. तेव्हा तो ब्रश तिथे असूच शकत नाही. बायकोला तसं दाखवलं. तिने तक्ता वाचला, घडी घालून माझ्या खिशात ठेवला, आणि उतरली.

दुपारी
गॅरेजवाला म्हणतो, आतला दातेरी दांडा वाकलाय, नवा यायला तीन आठवडे. मी विचारलं, खोली बाहेर ठेवूनच हळू चालवली तर? तो म्हणाला, चालवा की. शेजाऱ्यांच्या भिंतीही सोबत येतील.

बायको आज संध्याकाळच्या ट्रेनने निघते आहे. तिकिटं दोन आहेत. कधी काढली, असं विचारलं. म्हणाली, ३ तारखेला. मी म्हणालो, माझं राहू दे, इथे दुरुस्तीवर देखरेख लागेल. पार्ट आला की लगेच निघतो. त्यावर ती म्हणाली, मुलगी झाली तेव्हाही तुम्ही कुठल्याशा गोदामाच्या आगीची पाहणी संपवून चौथ्या दिवशी उगवलात. ते गोदाम कुठे आहे आता? मी म्हणालो, पाडलं. त्याचा इथे संबंध नाही.

तिने रिक्षा बोलावली.

१७ मे
देखरेख. गॅरेजवाला आला नाही. पार्टच नाही तर येऊन काय करू, म्हणाला. फाटलेल्या पट्टीचे सहा फोटो काढले. बायकोने एक पाठवला. नात, टोपीसकट. टोपी मोठी झाली आहे. माप कोणी घेतलं होतं?

संध्याकाळी नर्सबाई आल्या. भाऊ, तुम्ही अजून इथेच? एवढंच विचारून गेल्या. अर्धवट बाहेर आलेल्या खोलीत बसून जेवलो. ताट घसरत होतं.

१८ मे
देखरेखीला मी लागत नाही असं ठरवलं. रात्री उशिरा स्टेशनवर गेलो. रिझर्व्हेशन नाही. डब्यात बाथरूमच्या दाराशी, सुटकेसवर बसलोय. दर पाच मिनिटांनी कोणीतरी जरा सरका म्हणतं. सरकतो.

१९ मे
दुपारी ३
मुलीने दार उघडलं. म्हणाली, बाबा, आलात? टोमणा होता की नव्हता, ठरवता आलं नाही. जावयाने प्रवासाचं विचारलं. आरामात झाला, म्हणालो. गाडीबद्दल कोणीच विचारलं नाही. उत्तरं तयार होती.

नातीला माझ्याकडे देताना मुलगी सांगायला लागली, मानेखाली असा हात ठेवायचा. मला येतं, असं म्हणणार होतो. येत नव्हतं. म्हणालो, परत दाखव.

४.१०
एका हाताने लिहितोय. दुसरा कधीचा बधिर झालाय. बायको आत्ता येऊन म्हणाली, द्या आता माझ्याकडे. मी हळूच सांगितलं, झोपलीये.

टक्क जागी आहे.