तोंड बंद, नाक चालू

६ जानेवारी १९६४, सोमवार
आजपासून श्वास फक्त नाकानं. तोंड जेवायले आणि साहेबाले "हौ सर" म्हणायले. धर्मशाळेत निसर्गोपचारवाले महाराज उतरले आहेत, त्यांचं भाषण ऐकलं. नाक हवा गाळते, गरम करते, ओलावते. तोंड यातलं काहीच करत नाही. सर्दी, खोकला, घोरणं, सगळी भानगड तोंडानं श्वास घेणाऱ्याले. पन्नाशी आली, मले हे आजवर कोणी सांगितलं नाही!
तपकीरही सोडणार. उद्यापासून. डबी आजच भरली आहे.

८ जानेवारी
दफ्तरात, कागदांच्या नकला करतो त्या नकल शाखेत, सगळ्यांना समजावलं. खाणीतल्या मँगनीजची धूळ तोंडानं गेली की थेट छातीत, नाकातले केस तिले अडवतात. शेजारच्या टेबलावरचा खेमराजबाबू म्हणे, तुमच्या नाकात तपकीर एवढी, धुळीले जागा कुठं? सगळे हसले. बेअक्कल लोक. तपकिरीनं शिंक येते, शिंकेनं नाक साफ होते. म्हणजे तपकीर ही नाकाचीच सेवा झाली. सोडायचा विचार सोडला.

११ जानेवारी
सायकलनं वैनगंगेच्या पुलापर्यंत, तोंड मिटून. जाताना एक नंबर. येताना तोंड थोडं उघडलं, कारण वारा समोरून होता. त्यात माझा काय दोष?

१५ जानेवारी, सकाळी
कमला म्हणे, रात्री छपराचे कवेलू हालत होते. बायकोले वाढवून सांगायची सवयच आहे. मी घोरत नाही. घोरत असतो तर सगळ्यात आधी मलेच ऐकू आलं असतं, मी सगळ्यात जवळ निजतो.
यावर तिनं मागच्या वर्षीचं उकरून काढलं. आमच्याकडं पोरगी पाहायले आलेला पाहुणा मुक्काम केल्याशिवाय जात नाही, आणि पोरीचा बाप बाहेरच्या छपरीत त्याच्या शेजारीच निजतो. उठून दुसरीकडं जाणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. तर मागच्या वर्षी उकवा गावचा पाहुणा अर्ध्या रात्री वळकटी उचलून गोठ्यात निजला आणि पहाटे न सांगता गेला. पुष्पलताची सोयरीक तिथंच मोडली. कमला म्हणे, तुमच्यामुळं. मी म्हणतो, त्याले ढोरांची आवड असेल.
पुष्पलता तेवीस वर्षांची झाली. हे ऐकलं आणि पोरगी घागर घेऊन बाहेर गेली. ते मात्र मनाले लागते.

२४ जानेवारी
कटंगीचे महागूजी पुढच्या शनिवारी येणार आहेत. पोरगा शाळामास्तर! कमलानं हात जोडले, म्हणे, ही तरी सोयरीक जाऊ देऊ नका. म्हटलं, नाकावर भरवसा ठेव. दातांना तंबाखूचा गुडाखू घासता घासता ती काहीतरी बोलली. नीट ऐकू आलं नाही, बरं झालं.

३० जानेवारी
इलाज सापडला! झोपेत तोंड आपोआप उघडते, तर ते बांधूनच टाकावं. पांढऱ्या फडक्याची पट्टी हनुवटीखालून डोक्यावर घ्यायची, वर गाठ. नाक मोकळं राहावं म्हणून निलगिरीच्या तेलात भिजवलेले कापसाचे बोळे. सैल घातले की हवा जाते. ट्रायल घेणार होतो, पण घरच्यांना आधी कळलं तर नाट लागेल. एकदम फायनलले दाखवू.

१ फेब्रुवारी, रात्री साडेनऊ
महागूजी सज्जन माणूस. वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली. पोरगी पसंत असल्यासारखंच बोलणं होतं. आता शेजारी गाढ निजले आहेत. कमलानं पाहुण्यांसाठी धुतलेल्या पांढऱ्या चादरी काढल्या, मलेही एक. दिवा मालवतो आणि पट्टी बांधतो. नाक तयार आहे.

२ फेब्रुवारी, दुपारी
प्रयोग शंभर टक्के यशस्वी. रात्रभर एकदाही घोरलो नाही. साऱ्या मोहल्ल्याची साक्ष आहे.
झालं असं. पहाटे कमलाले जाग आली, घोरणं ऐकू येईना म्हणून. कंदील घेऊन छपरीत आली. पाहते तर हनुवटी बांधलेली, नाकात कापूस, गळ्यापर्यंत पांढरी चादर. तिले वाटलं, मी रात्री गेलो आणि पाहुण्यांनी बिचाऱ्यांनी सगळं केलं. तिच्या किंकाळीनं महागूजी उठले. त्यांना वाटलं, घरच्यांनी केलं. मग हात लावून पाहतो कोण? एवढ्या गोंधळात मी गाढ. नाकानं घेतलेल्या श्वासाचा हा केवढा फायदा!
खेमराजबाबू याच मोहल्ल्यातला, धावत आला, उशाशी उदबत्ती लावली आणि म्हणे, माणूस लाखात एक होता. दफ्तरात हे कधी म्हटलं नाही. शेजारचा नथ्थू बांबू आणायले गेलता. उदबत्तीचा धूर नाकात गेला आणि मी शिंकलो.
महागूजी अनवाणीच फाटकाबाहेर पळाले. चपला अजून इथंच आहेत.
कमला माझ्या पायथ्याशी बसून रडत होती. मी उठून बसलो तशी तिनं मले दोन्ही हातांनी बदडलं.

५ फेब्रुवारी
महागूजींचा निरोप आला. पोरगी सोन्यासारखी आहे, पण ज्या घरचं मढं शिंकते त्या घरी सोयरीक नाही. मास्तराचा बाप आणि इतका अडाणी!
पुष्पलतानं पट्टी आणि बोळे चुलीत टाकले. म्हणे, बाबा, मले लग्न नाही झालं तरी चालते, पण असे मरू नका. मी तपकीर ओढली.

२१ फेब्रुवारी
गोष्ट जिल्हाभर झाली. बसचा कंडक्टरही मले पाहून राम राम म्हणण्याआधी थोडा थांबतो.
वारासिवनीचे भोजराजजी येणार आहेत, पोरगा राइस मिलमध्ये. त्यांनी आधी एवढंच विचारलं म्हणे, पोरीचा बाप खरंच जिता आहे ना? कमलाचा हुकूम सुटला आहे, या खेपेस घोरायचं. पाहुण्याले रात्रभर ऐकू आलं पाहिजे.
हे काय बोलणं झालं? महाराजांचं भाषण सांगायले गेलो तर ताट पुढ्यातून उचललं.

८ मार्च, रविवार, सकाळी
ज्याले जन्मभर घोरू नका म्हटलं, त्याले घोरा म्हटल्यावर झोप येते का? डोळ्याले डोळा लागला नाही. शेजारी भोजराजजी घडीघडी मान उचलून माझ्याकडं पाहत होते. आतून कमला खुणेचं खोकली. दुसऱ्यांदा पुष्पलता खोकली. तिचं खोकणं ऐकलं आणि मी तोंड उघडलं, चांगला आ वासला, आणि जागेपणी घोरायले लागलो. थांबलो की भोजराजजी उठून बसत, सुरू केलं की निजत. पहाटेपर्यंत हेच.
चहा पिताना म्हणाले, बाप दणकट आहे, सोयरीक पक्की. पुष्पलता दाराआडून हसली. किती दिवसांनी हसली पोरगी!
लग्न वैशाखात. घसा फाटला, तोंड कोरडं पडलं, सर्दीनं दोन्ही नाकपुड्या बंद. कमलानं बजावलं आहे, व्याह्यांपुढं नाकाचा विषय काढायचा नाही. काढतो कशाले? आवाजच फुटत नाही.