कुणाकडे शिकलास

प्रिय दिपाली,

पत्र बघून घाबरू नकोस, तब्येत बरी आहे. फक्त एका जागी बसवत नाही. हे चौथ्यांदा लिहायला घेतलंय. दोन ओळी झाल्या की उठतो, गॅलरीत जातो, परत येतो.

पोलीस बँडच्या भरतीची परीक्षा शनिवारी आहे. ढोल वाजवतोस म्हणजे ड्रम येणारच, असं तू म्हणाली होतीस. तसं नाही गं. क्लासचे महादेवप्पा सर कागदावरचं बघून वाजवायला लावतात. पोकळ गोल म्हणजे चार मात्रा. त्याला दांडी आली की दोन. गोल काळा झाला की एक, आणि काळ्याला शेपटी फुटली की अर्धी. एवढं चार दिवसांत पाठ झालं. अडतो ते रिकाम्या मात्रांपाशी. तिथं वाजवायचं नाही, पण मोजत राहायचं. सर अक्कलकोटकडचे, चिडले की कन्नडमध्ये मोजतात, ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. चारही सोडायच्या असतात आणि माझी काठी मूरुलाच पडते. सोमवारी सलग तीनदा पडली. सगळा वर्ग हसला.

सरांनी विचारलं, "कुणाकडे शिकलास रे?" रागानं नव्हे, सहजच. माझे कान तापले होते. डोळ्यांपुढं आपले आबा आले, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, पुढ्यात धनगरी गजी ढोल. आणि मी म्हणालो, "कुणाकडं न्हाय सर. मोबाईलवर बघून."

तास सुटल्यावर वॉचमननं फडक्यात बांधलेल्या भाकरी हातात दिल्या. तुझे वडील आले होते म्हणाला. बराच वेळ दाराशी उभं राहून ऐकत होते, मग पोराला बोलवू नका म्हणाले आणि गेले. मी तसाच स्टँडवर पळालो. सांगोल्याची एसटी सुटली होती.

तेव्हापासून आबा फोनवर येत नाहीत. मेंढरांमागं गेलेत, असं तू सांगतेस. रोज, सकाळ-संध्याकाळ? त्यांनी तुला काहीच सांगितलं नसणार.

काल तास सुरू व्हायच्या आधी मी उभा राहिलो. सरांना सगळ्यांसमोर सांगितलं, माझ्या वडिलांचं नाव धुळा, ते जत्रेत गजी ढोल वाजवतात, मी त्यांच्याकडंच शिकलो, सोमवारी खोटं बोललो. सर म्हणाले, "हे मला कशाला सांगतोस? त्यांना सांग की."

फोनवर ते ऐकून घेणार नाहीत आणि त्यांना वाचता येत नाही. म्हणून तुला लिहितोय. पत्र मिळेल त्या दिवशी, जेवायच्या आधी, आईसमोर, हे त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. आबा, मी घाबरून खोटं बोललो असं तुम्हाला वाटत असेल. तसं नाही. त्या क्षणी मला तुमची लाज वाटली. दिपाली, हे वाक्य गाळू नकोस.

तुझा भाऊ,
बिरुदेव