धुरपताबाईच्या घरची वायर

प्रिय भक्ती,

पत्र बघून दचकू नकोस. फोन वाजला की तुझे अण्णा स्पीकर लावायला सांगतात, मोबाइलही त्यांच्याच उशाशी असतो, मग मी मुकाट्यानं ‘सगळं ठीक आहे’ म्हणते. ठीक काहीच नाही. योगीराज वायरमनचा भाऊ आजच हैदराबादला निघालाय, त्याच्या हाती हे देते.

तू फोटो पाठवून पाठवून निवडलेला जनरेटर बसला. अण्णांना तो गोठ्यात हवा होता, पावसापासून आणि लोकांच्या नजरेपासून लांब. योगीराज म्हणाला, “काका, गोठा तुमच्या खिडकीला लागून हाय. धूर आत आला तर त्या ऑक्सिजनच्या मशीनचा काय उपेग?” मग परसात, लिंबाच्या पलीकडे ओटा बांधून घेतला. गेल्या आठवड्यात आपल्या गल्लीची विजेची डीपी जळाली. नवी कधी येईल ते कुणीच सांगेना, सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं आणि मी मात्र निवांत होते. मशीन, फ्रीज, पंखे, पाण्याची मोटार, तू म्हणाली होतीस तसं अख्खं घर चालू.

पण तुझ्या बापाला तू ओळखतेस. गल्लीत पहिला मीटर आपल्या घरी आला तेव्हा तुझ्या आजोबांनी शेजारी एका बल्बापुरती वायर सोडली होती. त्या वायरीचा अण्णांना सातबाऱ्यापेक्षा जास्त अभिमान. उजेड एकट्यानं वापरायचा नसतो म्हणे! जनरेटर सुरू झाला त्याच संध्याकाळी मला न विचारता शेजारी धुरपताबाईच्या घरी वायर गेली. मी तरी काय बोलणार? तिची सून बबिता बाळंतीण, उकाड्यानं लेकरू लालबुंद झालेलं. एक बल्ब आणि एक पंखा, एवढंच ठरलं.

मंगळवारी सकाळी मी टाकीत पाणी चढवत होते आणि तिकडे धुरपताबाईनं बाळाच्या अंघोळीच्या पाण्यात रॉड सोडला. त्या बिचारीला काय माहीत! दोन्हींचा भार एकदम आला आणि जनरेटर गपकन बंद पडला. मशीन ओरडायला लागलं. मी आत धावले तर अण्णांचे ओठ निळे पडत चाललेले, हातानं खाटेची कड घट्ट धरलेली. सिलिंडर कोपऱ्यात होता, पण चावी काही फिरेना. माझे हात घामानं निसटत होते, भक्ती, आणि ते नुसते माझ्याकडे बघत होते. मी बोंब मारली तशी धुरपताबाई ओल्या हातांनी धावत आली. पदरात धरून तिनंच ती चावी फिरवली. त्यांचा श्वास नीट चालू लागला तेव्हा आम्ही दोघी फरशीवर बसून रडलो.

रडून झाल्यावर मी उठले आणि तिची वायर उपटली. “बरं केलं कमलबाई, लय जीव घाबरला माजा,” एवढंच म्हणून ती गेली.

अण्णा मात्र पेटले. “लेकराच्या घरात अंधार आन् मला हवा? न्हाई पायजे,” म्हणाले आणि नाकातली नळी काढून ठेवली. जित्याची खोड, म्हटलं, घटकाभरानं वळतील. वळले नाहीत. मी भांडले, पाया पडले, शेवटी योगीराजला बोलावलं. त्यानं त्या वायरीवर वेगळा छोटा स्विच बसवला. आता तिकडे कुणी जास्त काही लावलं तर त्यांचंच बंद पडेल, आपलं नाही. धुरपताबाईचा पंखा पुन्हा फिरायला लागला. मी म्हटलं, झालं ना मनासारखं, आता लावा नळी. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तेव्हा मला कळलं, वायर नुसतं निमित्त होतं. झोप लागली की मी हळूच नळी लावते, जाग आली की ते काढतात. बोटाला लावायचं यंत्र आता मी बघतच नाही. भीती वाटते.

काल स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “भक्तीनं समद्या घराची सोय केली. आता तिला माझी काळजी न्हाई ऱ्हायली.” समाधानानं म्हणाले गं, हातातलं काम संपल्यासारखे. तू फोनवर हसतेस, लोड किती, डिझेल किती ते विचारतेस, आणि त्यांना वाटतं तुझं त्यांच्यावाचून अडत नाही. आजारपण सुरू झाल्यापासून तू आलेली नाहीस. रागावून नाही लिहीत. त्यांना असं बघायचं तुझ्यानं होत नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांना नाही. माझं रडणं त्यांच्या सवयीचं झालंय, पण तू त्यांच्यापुढे कधी रडली नाहीस. मिळेल त्या गाडीनं ये, सेलूला उतर, आणि त्यांच्यापुढे बसून रड, पोरी.

वाट बघणारी तुझीच,
आई