रांगेबाहेरच्या बाई

ती. वन्सं यांना,

शिरसाष्टांग नमस्कार. (माझा गुडघा सध्या वाकत नाही, तेव्हा नमस्कार उभ्याउभ्याच, पण मनापासून.) तुमची दाढ कशी आहे? काढून टाकलीत, की अजून तिची समजूत घालणं चालू आहे? आधी मुख्य बातमी सांगते, म्हणजे पुढचं तुम्ही नीट टेकून बसून वाचाल. आम्ही सगळे धडधाकट आहोत, डोक्यावर छप्पर आहे आणि तुमचे बंधुराज पुन्हा घोरायला लागले आहेत. मधे कित्येक महिने ते छताकडे टक लावून पडून असायचे. या घोरण्यावरून मी लग्नापासून भांडत आले, पण आता ते ऐकलं की मला कशी शांत झोप लागते.

झालं असं. मोठ्या हॉटेलच्या चादरींचं काम मिळालं तेव्हा यांनी ते अजस्र धुलाई मशीन घेतलं, आणि त्यापायी खालची लाँड्री आणि वरच्या आपल्या दोन खोल्या, म्हणजे अख्खी इमारतच बँकेकडे गहाण ठेवली, हे तुम्हाला ठाऊक आहे. (तुम्ही तेव्हा नको म्हणाला होतात. ते मी पत्रात उगाळत नाही, भेटल्यावर दोघी मिळून उगाळू.) पुढे त्या हॉटेलने स्वतःचीच लाँड्री काढली. मशीन उपाशी, हप्ते थकलेले, साबणवाला आणि मेकॅनिक दारात बसलेले. शेवटी हे कोर्टात जाऊन रीतसर दिवाळखोर होऊन आले. आणि आले ते परीक्षा पास झाल्यासारखे! म्हणे आता आपल्या केसालाही कुणी धक्का लावू शकत नाही, ज्यांचं ज्यांचं देणं आहे त्यांनी मुकाट रांगेत उभं राहायचं. साबणवाल्याला तर यांनी चहा पाजून रांग म्हणजे काय ते समजावलं. बिचारा उठून आभार मानून गेला.

मग आल्या बँकेच्या बाई. बारीक अंगकाठी, पर्समध्ये मोजपट्टी, आवाज अगदी गोड. यांनी त्यांनाही रांग दाखवली. त्या म्हणाल्या, "आम्ही रांगेत नसतो हो. ही रांग ज्या इमारतीत लागलीय ना, तीच आमच्याकडे गहाण आहे." यांचा चेहरा असा उतरला की मला खुर्ची पुढे करावी लागली. कोर्टाने आमच्या मालमत्तेवर एक वयस्कर गृहस्थ नेमले होते, त्यांच्याकडे हे मोठ्या आशेने बघायला लागले, तर तेही मान डोलवायला लागले. माणसाचं दिवाळं निघालं म्हणून गहाण सुटत नाही म्हणे. इमारत विकून बँक आपले पैसे आधी घेणार, उरलं तर ते बाकीच्यांत वाटायला कोर्टवाल्यांकडे, आणि कमी पडलं तर तेवढ्यापुरती बँकसुद्धा साबणवाल्यामागे उभी. हे एवढं यांनी दिवाळखोर होण्याआधी कुणाला विचारायला काय हरकत होती? पण विचारतील तर तुमचे भाऊ कसले!

मग बाई आणि ते कोर्टवाले गृहस्थ, या दोघांची वाटणी सुरू झाली. जे इमारतीला पक्कं जोडलेलं ते बँकेचं, जे सुटं ते कोर्टवाल्यांचं. भिंतीत ठोकलेल्या फळ्या बँकेकडे, इस्त्रीचं टेबल कोर्टाकडे. आई नेहमीप्रमाणे गल्ल्याजवळच्या खुर्चीत बसलेल्या. बाईंनी खुर्ची जराशी हलवून पाहिली. खुर्ची सुटी निघाली, पण आई पक्क्या. "मला कुणाच्या नावावर लिहिताय?" असं त्यांनी विचारल्यावर दोघेही पुढच्या वस्तूकडे वळले.

मशीन मात्र जमिनीला चार बोल्टांनी आवळलेलं, म्हणजे बँकेचं. ते सुटं असतं तर धंद्याचं हत्यार म्हणून आपल्याकडेच राहू देता आलं असतं, असं कोर्टवाले सहज बोलून गेले. सहज! यांच्यासमोर! दोघं दुसऱ्यांदा येणार त्या सकाळी हे पाना घेऊन मशीनखाली आडवे झाले आणि चारही बोल्ट काढून खिशात घालून बसले. मला पत्ता नाही. आणि आल्या आल्या कोर्टवाले म्हणाले, चालतं तरी का ते, बघू या सुरू करून.

वन्सं, ते मशीन चालायला लागलं. म्हणजे खरोखरच चालायला लागलं हो! आधी जागच्या जागी थरथरलं, मग एक पाऊल टाकलं, आणि मग धाडधाड करत थेट बाईंच्या अंगावर. बाई इस्त्रीच्या टेबलावर चढल्या (कोर्टाच्या मालमत्तेवर), कोर्टवाले फळीला लोंबकळले (बँकेच्या), आणि मशीन दाराशी जाऊन दार दाबून उभं राहिलं. वायर तुटली म्हणून तिथे तरी थांबलं. मी बाहेरच्या जिन्याने धावत खाली आले, तर खिडकीच्या गजांतून चौघांची तोंडं दिसत होती. मेकॅनिकला बोलावलं. तो गजांतून आत डोकावून म्हणाला, "आधीचं बिल?" आणि निघून गेला.

दुपारभर चौघं आत कोंडलेले आणि मी बाहेरून चहा पुरवतेय. यांनी शेवटी बोल्ट काढून बाईंच्या हातावर ठेवले आणि मान खाली घातली. बाईंनी ते पर्समध्ये टाकले, रागावल्या नाहीत. त्यावर आई बोलल्या, "बाई, हक्क तुमचा, मला मान्य. पण हे जनावर माझ्या मुलाशिवाय कुणाला आवरतं? त्याला बाजूला काढून विकलंत तर तुम्हाला भंगाराचाच भाव येईल." बाईंनी मशीनकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं आणि हसल्या. कोर्टवाल्यांना एक इस्पितळ आठवलं, ते लाँड्री शोधत होतं. तोवर मेकॅनिकला दया आली आणि तो पहार घेऊन परतला.

इस्पितळाने इमारत मशीनसकट घेतली. बँकेचं पूर्ण फिटलं, उरलं त्यातून साबणवाल्याला आणि मेकॅनिकला बरंच मिळालं. वरच्या खोल्यांत आम्ही भाडेकरू म्हणून राहतो आणि हे खाली पगारी देखरेखीवर आहेत. आता फोन वाजला की हे दचकत नाहीत, स्वतः उचलतात. पहिल्या पगाराच्या दिवशी जिन्यावर बसून रडले. मी जवळ जाऊन बसले. इतकं हलकं मला वर्षानुवर्षं वाटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात हे तुमच्याकडे विश्रांतीला येताहेत. त्यांना दूध प्यायला लावा. सर्वांना माझं यथायोग्य सांगा.

तुमची,
वहिनी

ता. क. ताई, विश्रांती कसली घेऊन बसलीस! ड्रायक्लीनिंगला सध्या फार वाव आहे. सहज विचारतो, तुझ्या घरावर कसला बोजा नाही ना? कागद जरा वर काढून ठेव. — तुझा भाऊ

ता. क. वन्सं, मी डिंकाची बाटली आणायला आत गेले तेवढ्यात यांनी वरचं लिहिलं. घर गहाण पडलंय असं ताबडतोब उलट टपालाने कळवा. कुणाकडे म्हणून विचारलं तर खुशाल माझं नाव सांगा.